सोफा घरी बनवायचाय? आधी बसून बघा, मग लाकूड कापा

घरी सोफा बनवायचं ठरलं की बहुतेकांची सुरुवात कापडाच्या रंगापासून होते. मग फोम किती जाड घ्यायचा यावर चर्चा, मग लाकूड, आणि मापं कुठल्यातरी तयार सोफ्यावरून उचललेली. असा सोफा दिसतो छान, पण अर्धा तास बसलं की माणूस चुळबुळायला लागतो. बैठकीची उंची, तिची खोली आणि पाठीचा कल, बसायला बरं वाटणार की नाही ते मुख्यतः या तीन गोष्टींवर ठरतं. त्या चुकल्या तर महागडा फोमही उपयोगाचा नाही. म्हणून या लेखात मापांसाठी जरा जास्त जागा घेतली आहे. कंटाळून थेट फोमवर उडी मारू नका.

इथे सांगितलेला सोफा तीन जणांचा, सरळ, सुट्या गाद्यांचा आणि बोल्ट काढून चार भागांत वेगळा होणारा आहे. गोल हात, बटणं ठोकलेली पाठ, ओढून पलंग होणारी यंत्रणा हे सगळं पुढच्या सोफ्यासाठी ठेवा. करवत सरळ चालवता येत असेल आणि उशीचा अभ्रा शिवता येत असेल, तर हा जमण्यासारखा आहे.

काय काय लागेल

हत्यारं: टेप, गुण्या, करवत, ड्रिल, चार तरी शिकंजे (क्लॅम्प), काचपेपर, हातोडी, पक्कड, स्टेपल गन, मोठी कात्री, जाड कापड शिवू शकणारं शिलाई मशीन, शिंपीखडू, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क.

सामान: सांगाड्याचं लाकूड, १८ मिमी प्लायवूड, लाकडाचा पांढरा सरस, स्क्रू, ८ मिमीचे बोल्ट, वॉशर आणि टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट), इलॅस्टिक पट्टे, फोम, पॉलिस्टर फायबरची शीट, फोम चिकटवायचा सरस, मढवायचं कापड, पॉलिस्टरचा दोरा, मीटरवर मिळणारी चेन, तळाला लावायचं पातळ काळं कापड, पाय.

स्टेपल गनबद्दल एक सूचना. हाताने दाबायची स्वस्त गन कठीण लाकडात पिन अर्धीच घुसवते, आणि पन्नासेक पिना मारल्या की मनगट बोलायला लागतं. या सोफ्याला शेकड्यांनी पिना लागतात. विजेवर किंवा हवेवर चालणारी गन भाड्याने किंवा उसनी मिळत असेल तर मिळवा.

१. माणसं मोजा

सोफ्यावर रोज कोण बसणार त्यांना एकेक करून साध्या खुर्चीवर ताठ बसवा. पाय अनवाणी आणि जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. मग दुसऱ्याने तीन मापं घ्यायची.

पहिलं, जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची उंची. माणूस बसून फोम दबल्यावर बैठक एवढ्याच उंचीवर यायला हवी. दुसरं, लवणीपासून पाठ टेकते तिथपर्यंतचं अंतर. यातून ४ ते ५ सेंमी वजा केले की बैठकीची खोली मिळते. गादीची कड आणि लवण यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवीच, नाहीतर कड मांडीला रुतते आणि पाय बधिर होतात. तिसरं माप बैठकीपासून खांद्यापर्यंतचं, ते पाठीसाठी.

मोठ्या माणसांची मापं साधारण अशी येतात: दबलेल्या बैठकीची उंची ४० ते ४४ सेंमी, खोली ५० ते ५६, प्रत्येकाला बसायला रुंदी ५५ ते ६०, सोफ्याच्या हातांची उंची बैठकीच्या वर १८ ते २२. तुमची मापं यापेक्षा फार वेगळी आली तर घाबरू नका, पण टेप पुन्हा एकदा लावा.

घरात एक उंच आणि एक बुटकं असेल तर उंची बुटक्या माणसाच्या मापाने ठेवा. उंच माणूस पाय पुढे सोडून बसू शकतो, पण बुटक्याचे पाय लोंबकळले की त्याला काहीच करता येत नाही. खोली मात्र मधली चालते, कारण पाठीमागे उशी घेऊन ती कमी करता येते. गुडघे दुखणारं किंवा वयस्कर कोणी असेल तर हिशोब बदलतो. उठताना त्रास होऊ नये म्हणून बैठक ४५ च्या आसपास, जरा कडक आणि कमी खोल हवी. खोल, मऊ, जमिनीलगतचा सोफा तरुणांना आवडतो, पण त्यातून उठायला हात धरावा लागतो.

२. खोटा सोफा मांडून बघा

ही पायरी फुकटची आहे, म्हणूनच बहुतेक जण गाळतात. एक पक्की फळी दोन्ही बाजूंनी पुस्तकांच्या किंवा विटांच्या थप्प्यांवर ठेवा. मागची थप्पी पुढच्यापेक्षा ३ सेंमी खाली. वर जाड गादी किंवा घड्या घातलेली रजई. मागे दुसरी फळी कलती उभी करा आणि ती सरकणार नाही असा भक्कम टेकू द्या. आता तिथे बसा. दोन मिनिटं बसून कळत नाही. पुस्तक वाचा, फोनवर बोला, एखादा अख्खा चित्रपट बघा.

पाठीचा कल अंशांत मोजायची गरज नाही. फळी दर १० सेंमी उंचीला २.५ सेंमी मागे गेली की कल साधारण १४ अंशांचा होतो, आणि बैठकीचा मागचा उतार धरून पाठ आणि बैठक यांच्यातला कोन १०० अंशांच्या किंचित वर येतो. आरामात बसायला १०० ते ११० अंश बरे. यापेक्षा सरळ पाठ जेवणाच्या खुर्चीला शोभते. फार कलती केली तर मान आधाराशिवाय राहते आणि पाठीची उंची वाढवावी लागते.

बसल्यावर कंबर पुढे घसरत असेल तर मागचा उतार आणखी सेंटिमीटरभर वाढवा. टाचा उचलल्या जात असतील तर उंची कमी करा. जी मापं शेवटी पसंत पडली ती कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

पुढचं उदाहरण मी या मापांवर धरलं आहे: आतली रुंदी १७४ सेंमी (प्रत्येकी ५८), गादीची खोली ७० (त्यातले सुमारे १५ पाठीच्या गादीखाली जातात), हात प्रत्येकी १२ रुंद, म्हणजे एकूण लांबी १९८. पाय १८ सेंमी, पुढची फळी १२, गादी १५ आणि वर फायबरचा थर. मिळून साधारण ४६ होतात. माणूस बसला की ४ ते ५ सेंमी दबून बैठक ४१-४२ वर येते. नवखा माणूस इथेच फसतो: तो रिकाम्या गादीची उंची ४२ धरतो आणि प्रत्यक्षात ३७ वर जाऊन बसतो.

३. दार मोजा

सोफा घरातच बनतोय, मग दाराचा काय संबंध? घर बदलताना संबंध येतो. शिवाय मढवलेला सोफा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायचा झाला तरी येतो. दाराची मोकळी रुंदी, जिन्याचं वळण आणि लिफ्टची खोली टिपून ठेवा. बैठक, पाठ आणि दोन हात असे चार सुटे भाग केले की हा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो. त्याहून मोठा फायदा पुढे दिसेल: प्रत्येक भाग टेबलावर घेऊन वेगळा मढवता येतो, कोपऱ्यात हात घालून घालून बोटं सोलून घ्यावी लागत नाहीत.

४. लाकूड

सांगाड्यासाठी वाळलेलं, सरळ धाग्याचं, गाठी नसलेलं लाकूड हवं. दिसणार नाही, त्यामुळे देखणेपणावर पैसे घालवू नका. साग असलाच पाहिजे असं काही नाही. रबरवूड, साल, बीच, बाभूळ, यातलं जे नीट वाळवलेलं मिळेल ते चालेल. पाइन वापरलात तर फळ्या थोड्या जाड घ्या, कारण त्यात पिन आणि स्क्रू कमी घट्ट बसतात.

ओलावा ८ ते १२ टक्के असावा. ओलं लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे जिथे दोन फळ्या काटकोनात भेटतात तिथला सांधा सुटायला लागतो आणि सोफा कुरकुरतो. ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर लाकूड आणून काही आठवडे घरात, हवा खेळेल असं रचून ठेवा. घाई असेल तर चांगल्या प्रतीचं १८ मिमी प्लायवूड दुहेरी चिकटवून त्याच्या फळ्या करा, त्या वाकत नाहीत. पार्टिकल बोर्ड मात्र सांगाड्यात कुठेही नको. स्क्रू एकदा ढिला झाला की भोकाचा भुगा होतो, पुन्हा धरत नाही.

वाळवीची भीती असेल तर औषध आत्ताच मारा आणि पूर्ण सुकू द्या. मढवल्यावर ते आत पोहोचवता येत नाही.

५. सांगाडा

बैठकीची पेटी आधी. तिचे भाग असे:

- पुढची फळी: १७४ सेंमी लांब, १२ उंच, ३ जाड
- मागची फळी: तेवढीच लांब, पण ९ उंच
- बाजूच्या दोन फळ्या: ८० लांब, पुढे १२ आणि मागे ९ उंच, वरची कड उतरती
- मधले दोन आडणे: पुढच्या-मागच्या फळीला जोडणारे, फक्त ५ उंच, तळाशी लावलेले

मागची फळी पुढच्या कडेपासून ७० सेंमीवर लावायची. बाजूच्या फळ्यांच्या मागे उरलेल्या १० सेंमीच्या शेपटांत पाठीची चौकट बसते.

फळ्या नेहमी उभ्या कडेवर ठेवा. तीच फळी आडवी ठेवली तर वजनाने लगेच वाकते. पुढच्या फळीखाली मध्यभागी पाचवा पाय द्या. पावणेदोन मीटर लांबीला दोन टोकांच्या पायांवर सोडू नका.

मधले आडणे काही जण वरच्या कडेला लावतात. तसं केलं तर पट्टे दबल्यावर बसणाऱ्याला नेमकी तिथे लाकडाची धार लागते. म्हणून ते तळाशी. पण त्यांना फाटा देऊ नका. सगळे ताणलेले पट्टे मिळून पुढची आणि मागची फळी एकमेकींकडे ओढत असतात, आणि ही ओढ अडवायला आडणेच असतात. ते नसले तर काही महिन्यांत पुढची फळी मध्यभागी आत वळते, पट्टे सैल पडतात, आणि दोष मात्र फोमला दिला जातो.

सांधा जमत असेल तसा करा. खुंटीचा सांधा सगळ्यात चांगला, पण सरस आणि स्क्रूही पुरतो. अट एवढीच की प्रत्येक कोपऱ्यात आतून त्रिकोणी ठोकळा सरस लावून बसवायचा. स्क्रूच्या आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळीच्या टोकाला लाकूड फाटतं. प्लायवूडच्या कडेतला स्क्रू कमकुवत असतो, तिथे मागून लाकडी पट्टी द्या. सरस लावून शिकंजे कसण्याआधी पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले म्हणजे पेटी काटकोनात आहे. फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने शिकंजा लावून हळूहळू आवळा. सरस सुकल्यावर हे करता येत नाही.

पाठ म्हणजे दोन उभे खांब, वर-खाली आडव्या फळ्या आणि मध्ये एक-दोन उभ्या पट्ट्या, अशी साधी चौकट. ती बाजूच्या फळ्यांच्या शेपटांत आधी एकेका बोल्टवर लावा. म्हणजे ती कलवता येते. आता पेटीवर फळी आणि गादी टाकून खरोखर बसा, घरच्यांना बसवा, आणि सगळ्यांना मानवेल तिथे मागून चौकट धरायला सांगून खूण करा. मग दुसरा बोल्ट. दुसऱ्या पायरीतली मापं बरोबर असतील तर इथे फार तर एक-दोन अंशांचा फरक पडतो.

हात म्हणजे प्लायवूडच्या दोन बाजू आणि आत लाकडी पट्ट्या, अशी पोकळ पेटी. ते बाजूच्या फळ्यांना तीन-तीन बोल्टांनी जोडायचे. शिवाय पाठीच्या खांबातून वरच्या अंगाला हातात आणखी एक बोल्ट घाला. माणूस पाठीवर रेलला की खालच्या दोन बोल्टांवर फार ताण येतो, तो या तिसऱ्याने वाटला जातो. टी-नट हाताच्या पोकळीच्या आतल्या बाजूने ठोका, म्हणजे बोल्ट आवळताना तो लाकडात अधिकच रुततो. आणि हे हात बंद करण्याआधीच करा, कारण नंतर आत बोट जात नाही.

सगळ्या वरच्या कडा काचपेपरने गोल करा. टोकदार कड कापडाला आतून कातरत राहते.

६. पट्टे की स्प्रिंग

मी दोन्ही वापरून पाहिले आहेत. झिगझॅग स्प्रिंग जास्त टिकतात, पण त्या बसवताना ताकद लागते, निसटली तर तोंडावर येते, आणि क्लिप नीट नसेल तर दर बसण्याला आवाज येतो. पहिल्या सोफ्यासाठी मी इलॅस्टिक पट्टेच सुचवेन. बैठकीसाठी म्हणूनच विकले जाणारे ६-७ सेंमी रुंदीचे पट्टे घ्या. कपड्यांचं रुंद इलॅस्टिक इथे चालत नाही.

पुढून मागे जाणारे पट्टे मुख्य. दोन पट्ट्यांत ३ सेंमी अंतर ठेवलं तर १७४ सेंमीत सतरा बसतात. ताण सारखा येण्यासाठी डोळ्यांवर विसंबू नका. दोन्ही बाजूंच्या पिनांमधलं अंतर ६६ सेंमी असेल तर न ताणलेल्या पट्ट्यावर ६० सेंमीवर खूण करा, आणि ती खूण समोरच्या पिनांच्या रेषेवर येईपर्यंत ओढा. सुमारे १० टक्के ताण झाला. सगळ्या पट्ट्यांवर खुणा आधीच करून ठेवल्या की काम भराभर होतं.

टोकाला चार-पाच पिना मारा, दोनेक सेंमी पट्टा दुमडा आणि दुमडीवरून पुन्हा चार-पाच पिना. पिना एका रांगेत मारल्या तर लाकूड त्याच रेषेत चिरतं, म्हणून थोड्या पुढेमागे. पट्ट्यांना १२-१४ मिमी पायाच्या पिना, कापडाला ८-१० मिमी पुरतात. क्रम मधून बाहेर: आधी मधला पट्टा, मग डावी-उजवी आलटूनपालटून. नंतर लांबीच्या दिशेने चार पट्टे वरखाली विणून घाला. यांचा ताण निम्मा पुरे.

टिचकी मारली की पट्टा डफासारखा घुमायला हवा. मग वर एक फळी ठेवून बसा आणि कोणाला तरी वाकून बघायला सांगा. पट्टे आडण्यांना टेकत नाहीत ना? टेकत असतील तर ताण कमी पडलाय. काढून परत लावा.

७. फोम

इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, कारण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत केली जाते. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन किलोत. कडकपणा वेगळा. कमी डेन्सिटीचा फोमही कडक बनवता येतो. दुकानात दाबून बघताना तो छान वाटतो आणि वर्षभरात बसतो. टिकणं बरंचसं डेन्सिटीवर अवलंबून आहे, बसायला कसं वाटेल ते कडकपणावर.

बैठकीला ४० डेन्सिटीचा एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दबून लगेच वर येणारा) फोम घ्या, १० सेंमी, जरा कडक. त्यावर ३२ डेन्सिटीचा ५ सेंमी मऊ थर. खालचा वजन पेलतो, वरचा अंगाला बरा लागतो. पाठीला २५-२८ डेन्सिटीचा मऊ फोम पुरतो, १२ ते १५ सेंमी जाड. तुकड्यांपासून दाबून केलेला रीबॉन्ड फोम फार कडक असतो. त्याची पातळ पट्टी हातांवर आणि पुढच्या फळीच्या कडेवर लावायला बरी. अख्खी बैठक त्याची करू नका.

विकणारा ४० म्हणाला म्हणून मान्य करायची गरज नाही, वजनकाटा आहे. ५८ × ७० × १० सेंमीचा तुकडा म्हणजे ०.०४०६ घनमीटर. डेन्सिटी ४० असेल तर तो १.६२ किलोच्या आसपास भरेल. १.३० भरला तर तो ३२ चा आहे. हिशोब कागदावर करून न्या आणि तुकडा काट्यावर ठेवायला सांगा. ओलसर फोम जड भरतो, तेवढं लक्षात असू द्या.

फोम कापायला लांब, पातळ, दातेरी सुरी घ्या. वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंना रेषा आखा, आणि न दाबता लांब हात मारत कापा. दाबून कापलं की कड आत वळते. दोन थर चिकटवायला फोमसाठीचा सरस दोन्हीकडे पातळ लावा, हाताला चिकटेनासा झाला की जोडा. बसायच्या मधल्या भागात सरसाचा जाड थर नको, तो सुकून कडक पापुद्रा होतो आणि टोचतो.

सरसाची वाफ पेट घेते, आणि पॉलियुरेथेन फोम पेटला तर झपाट्याने जळतो व त्याचा धूर विषारी असतो. खिडक्या उघड्या, आसपास काडी-शेगडी-सिगारेट काही नाही, आणि तयार सोफाही हीटरजवळ ठेवायचा नाही.

शेवटी प्रत्येक गादीला फायबरची शीट गुंडाळा. तिच्यामुळे गादी जरा फुगीर दिसते, कडा गोल होतात आणि कापड फोमवर घासत नाही.

८. कापड

मढवायचं कापड बहुधा १४० सेंमी पन्ह्याचं असतं. या सोफ्याला साधारण १० ते १२ मीटर लागेल. मोठी नक्षी असेल तर ती जुळवण्यात आणखी जातं. नेमका आकडा हवा तर कागदाचे नमुने आधी कापा, जमिनीवर १४० सेंमी रुंदीचा पट्टा आखून त्यात मांडा आणि लांबी मोजा. मग कापड आणा, आणि एकाच तागातून आणा. दोन तागांच्या रंगात फरक निघू शकतो.

घासणं किती सोसतं याचा मार्टिनडेल आकडा लिहिलेला असेल तर घरच्या रोजच्या वापराला २०,००० च्या वरचं पाहा. सुती कापड आधी धुऊन आटवून घ्या. मखमलीला लव असते. सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापले नाहीत तर एकाच सोफ्यावर दोन रंग दिसतात. स्वस्त रेग्झिन मला पटत नाही. त्याच्यावर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा) थर असेल तर तो दमटपणाने कमकुवत होत जातो आणि पापुद्रे सुटायला लागतात.

९. गाद्यांचे अभ्रे

प्रत्येक अभ्र्याला वर-खाली दोन चौकोन, भोवती १५ सेंमीची पट्टी आणि मागे चेन. शिवणीसाठी चारी बाजूंना १.५ सेंमी जादा. तयार अभ्रा फोमपेक्षा लांबी-रुंदीत सेंटिमीटरभर लहानच यायला हवा. बरोबर मापाचा शिवला तर काही दिवसांत सुरकुत्या पडतात.

सुई १०० किंवा ११० नंबरची, टाका साडेतीन ते चार मिमी. दोरा पॉलिस्टरचाच, सुती दोरा घासून तुटतो. चेन फक्त मागच्या बाजूपुरती न ठेवता दोन्ही कोपऱ्यांवरून ८-१० सेंमी पुढे वळवा. नाहीतर फोम आत घालताना चेनच उसवते. कोपऱ्यावर शिवताना सुई कापडात ठेवूनच कापड वळवा, आणि शिवणीच्या जादा भागाला कोपऱ्यात तिरपी कातर द्या.

फायबर गुंडाळलेला फोम अभ्र्यात सरकत नाही, गोळा होतो. त्याला मोठ्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, दाबून हवा काढा, अर्धा दुमडून आत सरकवा, कोपरे बसवा, मग पिशवी फाडून ओढून घ्या. आत विसरू नका, बसताना चुरचुरते.

१०. मढवणं

चारही भाग सुटे असतानाच मढवायचे. पेटीवर पट्ट्यांवरून आधी घट्ट विणीचं साधं कापड, पुढच्या कडेला फोमची गोल पट्टी, मग मुख्य कापड. गाद्यांखाली झाकल्या जाणाऱ्या भागाला महाग कापड नको. फक्त पुढचे १५ सेंमी दिसतात.

पिनांचा क्रम सगळीकडे सारखाच. वरच्या बाजूच्या मध्यात एक पिन, कापड ओढून समोरच्या मध्यात एक, मग डावी, उजवी. नंतर मधून कोपऱ्यांकडे, समोरासमोर. एका टोकाकडून सुरुवात करून सरळ मारत गेलात तर कापड तिरकं ओढलं जातं, आणि पट्टेदार कापडावर ते लांबूनही दिसतं. पहिल्या फेरीत पिना अर्ध्याच मारा म्हणजे काढून परत ताणता येतं. कोपरा शेवटी: जादा कापड आत कापून, एकच घडी घालून, ती बाजूला येईल अशी बसवा. बोल्टच्या भोकांवरून कापड आलं की तिथे टोचणीने लहान छिद्र पाडा. ड्रिल फिरवू नका, दोरे गुंडाळले जाऊन उभी धार निघते.

हातांची आतली बाजू आधी, बाहेरची नंतर. पाठीचंही तसंच.

११. जोडणी

सोफा जिथे राहणार तिथेच जोडा. सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून लावा, सगळे लागल्यावर आवळा. जिथे लाकूड लाकडाला थेट टेकतं तिथे नमद्याची (फेल्टची) पातळ पट्टी दिली की कुरकुर थांबते. पाय लावा, तळाला काळं कापड लावा.

पहिल्या महिन्यात फोम थोडा सैलावतो, ते अपेक्षित आहे. महिन्याने बोल्ट एकदा पुन्हा आवळा. बैठकीच्या गाद्यांच्या जागा आपसात बदलत राहा, कारण घरात प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते आणि एकच गादी दबत जाते. मऊ थर वरच राहायला हवा, त्यामुळे या गाद्या उलटवू नका. उरलेलं मीटरभर कापड आणि कागदी नमुने एका पिशवीत घालून सोफ्याच्या तळाशी, काळ्या कापडाच्या आत ठेवून द्या. अभ्रा फाटला की ते शोधत फिरावं लागत नाही.